गच्चीवर मिरचीची रोपं वाढवताना: जाळी, भिंग आणि निंबोळी

मिरचीचं बी पेरल्यापासून रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात. या काळात रोपांवर काय फवारायचं हे सगळे विचारतात, काय फवारू नये हे फारसं कुणी विचारत नाही. दोन-चार पानांचं रोप इतकं कोवळं असतं की मोठ्या झाडाला सहज मानवणारं द्रावण त्याची पानं जाळतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी माती, मग जाळी, मग भिंग आणि फवारणी सगळ्यात शेवटी. खालचा सगळा अनुभव पुण्यातल्या उघड्या गच्चीवरचा, मेअखेर ते जुलै या हंगामातला आहे. ज्वाला आणि फुले ज्योती या नेहमीच्या जाती. टोमॅटो-वांग्यालाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

सुरुवात ट्रेमधल्या मिश्रणापासून. ९८ कप्प्यांच्या प्रो ट्रेसाठी धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घेतो. गांडूळखतात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पावडर मिसळून, हाताला ओल लागेल इतपत पाणी शिंपडून ते ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवतो. तेवढ्या दिवसांत बुरशी खतात पसरते. कोरड्या मिश्रणात ऐन वेळी पावडर टाकली तर ती पसरायच्या आत बी उगवून आलेलं असतं. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्यावर बहुधा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. अशा बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळण्यात काही हशील नाही, ते बुरशीनाशक मित्रबुरशीलाही मारतं. पावडर मातीतच जाऊ द्यावी.

एवढं करूनही रोपं कोलमडली तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. मर लागलेलं रोप ओळखायला सोपं: मातीलगतचा देठ पाणीदार होऊन दोऱ्यासारखा बारीक होतो आणि वरची पानं हिरवी असतानाच रोप आडवं पडतं. पानावर काहीही फवारून ते उठत नाही. तो कप्पा आणि शेजारचे चार कप्पे उकरून टाकायचे, ट्रे पावसाच्या आडोशाला घ्यायचा आणि वरचा थर फिकट दिसेपर्यंत पाणी तोडायचं. संध्याकाळी पाणी देणं तर बंदच. रात्रभर ओला राहिलेला ट्रे म्हणजे मर रोगाला आमंत्रण, शिवाय कोकोपीटवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांनाही.

जाळीवर खर्च करावा, औषधांवर वाचवावा. नायलॉन नेट ४० मेशची, म्हणजे एका इंचात ४० भोकं असलेली. साधी मच्छरदाणी चालत नाही, तिच्यातून पांढरी माशी आरामात आत जाते. जाड तारेच्या तीन कमानी ट्रेवर रोवून त्यांवर जाळी टाकायची, ती पानांना टेकणार नाही एवढी उंच. कडा विटांखाली नाही तर वाळूच्या पुरचुंड्यांखाली दाबायच्या. विटांच्या मधली बोटभर फट लोकांच्या लक्षात येत नाही, माशीच्या येते. बी उगवलं त्या दिवसापासून जाळी हवी. पंधरा दिवसांनी घातली तर माशी आत कोंडली जाते आणि मजेत वाढते. पाणी जाळीवरूनच झारीने द्यावं. ४० मेश फुलकिड्यांना मात्र पुरती अडवत नाही, ते फारच बारीक असतात. त्यांच्यासाठी जाळीच्या आत एक निळा आणि पांढरी माशी-माव्यासाठी एक पिवळा चिकट कार्ड, रोपांच्या शेंड्यांच्या चार बोटं वर. घरी करायचं तर पिवळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला एरंडेल फासलं तरी चालतं, फक्त धूळ बसली की पुसून पुन्हा फासावं लागतं. या कार्डांनी कीड संपत नाही, आली आहे एवढं कळतं. त्यांचं काम तेवढंच.

आता मिरचीवाल्यांचा नेहमीचा घोळ. पानं आकसली की सरसकट ‘बोकड्या आला’ म्हणायचं आणि दुकानदार देईल ते फवारायचं. या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पानाच्या कडा वर वळून वाटीसारखा आकार आला असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि देठ लांबट झाला असेल तर पिवळा कोळी. पानं बारीक, एकमेकांत गुंतलेली आणि रोपाची वाढच खुंटलेली असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. शंका असेल तर रोपाचा शेंडा पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा झटकायचा. सुईच्या टोकाएवढे लांबुडके पिवळसर जीव कागदावर पळायला लागले तर फुलकिडे. कागदावर काहीच नसेल तर शेंड्याचं कोवळं पान उलटून दहापट भिंगाखाली धरायचं. कोळी नुसत्या डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, भिंगातून अर्धपारदर्शक पिवळे ठिपके सावकाश सरकताना दिसतात. सकाळी दहाच्या आधी बघावं, उन्हात डोळे दिपतात आणि किडीही आडोशाला जातात.

विषाणू लागलेलं रोप बरं होत नाही. उपटून लगेच पिशवीत बंद करायचं, कंपोस्टच्या ढिगावर टाकायचं नाही. जैविक-रासायनिक कुठलंच औषध तिथे चालत नाही, त्यामुळे हळहळण्यात वेळ घालवू नये.

मावा सगळ्यात सोपा. पान बोटांच्या आधाराने उलटं धरून पाण्याची बारीक धार मारली की मावा खाली पडतो आणि बहुतेक परत चढत नाही. दर दोन दिवसांनी तीनदा केलं तर फवारणीची गरजच पडत नाही. माव्याबरोबर मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्या थांबवाव्या लागतात, त्या माव्याच्या चिकट गोड स्रावासाठी त्याची राखण करतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. ट्रे चार वाट्यांवर ठेवून वाट्यांत पाणी भरायचं, इतकंच. हळदीची रेघ ओढायचा सल्ला फार मिळतो; मुंग्या एक-दोन दिवस बिचकतात, मग ओलांडतात. आणि माव्याच्या गर्दीत काळपट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर तिला चिरडू नका. ते ढालकिड्याचं पिल्लू आहे आणि दिवसभर मावाच खातं.

फवारायची वेळ आलीच तर निंबोळी. विद्यापीठांची ५ टक्के अर्काची शिफारस १०० लिटरला ५ किलो निंबोळी अशी असते, घरच्या मापात ती लिटरला ५० ग्रॅम. निंबोळी वर्षाच्या आतली, सावलीत वाळवलेली हवी; काळी पडलेली, बुरशी लागलेली नको. सकाळी जाडसर कुटून अर्धा लिटर पाण्यात भिजत घालायची, संध्याकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी घालून एक लिटर करायचं आणि साबणाचा दोन ग्रॅम चुरा विरघळवून त्याच संध्याकाळी संपवायचं. उरलेलं ठेवून उपयोग नाही. रात्री भिजवून सकाळी गाळलं की ऐन उन्हात फवारायचा मोह होतो, आणि निंबोळीतलं किडीवर काम करणारं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं.

निंबोळी मिळाली नाही तर कडुनिंबाचं तेल. रोपांना लिटरला २ मिली, मोठ्या झाडांना ५. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते तरंगतं. आधी तेलात १ मिली सौम्य लिक्विड सोप घोटायचा, मग चमचा-चमचा कोमट पाणी घालत ढवळायचं. मिश्रण ताकासारखं पांढरट झालं की उरलेलं पाणी ओतायचं. वर तेलाचे डोळे दिसले तर फवारू नका: बाटली निम्मी होईपर्यंत नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या रोपांवर निव्वळ तेल. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि हेच होतं, तेव्हा नळाचं किंवा पावसाचं पाणी घ्यावं. कपड्यांचा डिटर्जंट अजिबात नको, पानांच्या कडा करपतात. आधी दोन रोपांवर फवारून दोन दिवस थांबायचं. फवारा पानांच्या खालून, ऊन उतरल्यावर, आणि रोप मलूल असेल तर नाहीच.

निंबोळीने कीड जागच्या जागी मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं. तिसऱ्या दिवशीही फुलकिडे चालते-फिरते दिसतात आणि लोक घाबरून मात्रा दुप्पट करतात. करपलेली निम्मी रोपं यातूनच येतात. मात्रा तीच ठेवून पाच-सहा दिवसांनी पुन्हा फवारायचं, असं तीनदा. फुलकिड्यांची कोषावस्था मातीत किंवा पालापाचोळ्यात जाते, तिथे फवारा पोचत नाही, म्हणून एका फवारणीवर भागत नाही.

पावसाळी दमट हवेत मावा-पांढऱ्या माशीवर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम, उत्तम चालते. कोरड्या मेमध्ये ती वाया जाते, बुरशीला रुजायला ओल लागते. पाकिटावरची तारीख बघून घ्यावी, दुकानात उन्हात ठेवलेलं घेऊ नये. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. सेंद्रिय शेतीत ते चालतं. पण तेलाची फवारणी झाल्यावर दोन आठवडे गंधक नाही, आणि पारा ३५ अंशांच्या वर असताना तर नाहीच, दोन्ही वेळा पानं भाजतात. दशपर्णी अर्काची फर्माईश गच्चीवाले फार करतात. त्याला महिना लागतो, वास शेजाऱ्यांपर्यंत जातो, आणि बऱ्याच कृतींत कण्हेर असते, जी विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नये.

लावणीच्या आठवडाभर आधी जाळी रोज सकाळी दोन तास काढायची, मग वेळ वाढवत न्यायची. बारा इंची कुंडीत ५० ग्रॅम निंबोळी पेंड दहा दिवस आधीच मिसळून ओलवून ठेवावी. ताजी पेंड मातीत कुजताना तापते आणि मुळं भाजतात. लावल्यावर देठाभोवती कागदी कपाचा तळ कापून केलेलं कडं बसवायचं, दोन सेंटिमीटर मातीत आणि चार वर. रोपं कुरतडणारी अळी रात्री देठ मातीलगत कापून टाकते, कडं असलं की तिला देठापर्यंत पोचता येत नाही. तरीही एखादं रोप कापलेलं सापडलं तर त्याच कुंडीतली वरची दोन बोटं माती उकरा. राखाडी, गुंडाळी झालेली अळी बहुतेक तिथेच मिळते. पाऊस जोरात असेल तर गोगलगायींसाठी रात्री कुंड्यांजवळ ओलं गोणपाट टाकून ठेवावं आणि उजाडताच उलटून वेचाव्यात, हातमोजे घालून.