दोन लाख मैलांपलीकडची ब्युइक

माझ्या २००३ सालच्या ब्युइक लसेबरने, म्हणजे जनरल मोटर्सच्या मोठ्या अमेरिकी गाडीने, गेल्या महिन्यात २,१४,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ३,४४,००० किलोमीटरचा, टप्पा ओलांडला. हा आकडा ऐकणारा प्रत्येक जण इंजिन अजून किती टिकेल असे विचारतो, आणि मला दर वेळी वाटते की प्रश्न चुकीच्या भागाविषयी विचारला जात आहे.

‘३८००’ या नावाने ओळखले जाणारे हे ३.८ लिटरचे व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरचे, इंजिन मुळात १९६०च्या दशकाच्या आरंभीच्या ब्युइक इंजिनाचे वंशज आहे. जनरल मोटर्सने १९६७ मध्ये ते जीप गाड्या बनवणाऱ्या कैसर-जीप कंपनीला विकले आणि तेलटंचाईचा चटका बसल्यावर १९७४ मध्ये पुन्हा विकत घेतले. विकलेली म्हैस परत दावणीला आणावी, तसाच हा व्यवहार. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, ब्लॉकच्या पोटात, रबरी पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आणि अवघी २०५ अश्वशक्ती, अशी त्याची रचना असल्यामुळे तेल वेळेवर बदलणाऱ्या मालकाला ते सहसा दगा देत नाही.

या इंजिनाची दुखरी जागा बिडात नसून प्लॅस्टिकात आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, वाहून नेणारे दोन छोटे प्लॅस्टिकचे एल्बो (कोपरासारखे वाकलेले जोड) उष्णतेने ठिसूळ होतात आणि एक दिवस हात लावताच त्यांचा भुगा होतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणारा वरचा इनटेक मॅनिफोल्डही प्लॅस्टिकचा आहे. जळालेल्या वायूचा काही भाग इंजिनात परत नेणारी ईजीआरची तप्त नळी त्यातून जाते, तिच्या धगीने भोवतालची भिंत झिजते आणि कूलंट थेट सिलिंडरमध्ये उतरू शकते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे अशा अवस्थेत गाडी सुरू केली तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते. मी हे दोन्ही भाग बिघडण्याची वाट न पाहता बदलून घेतले, एल्बो धातूचे आणि मॅनिफोल्ड सुधारित नळीचा. गाडीवर केलेल्या खर्चांपैकी एवढा शहाणपणाचा खर्च दुसरा कोणताही नाही, असे माझे मत आहे. चार गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेलही बदलत राहतो, एवढे सांगितले म्हणजे त्याच्याविषयी पुरे.

या गाडीचा शेवट माझ्या मते इंजिनामुळे नव्हे, तर मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर पसरल्या जाणाऱ्या मिठामुळे होईल. गाडीखालून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या पोलादी ब्रेकनळ्या नजरेआड गंजून कुरतडल्या जातात, आणि पेडल तळाला जाईपर्यंत चालकाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून मी त्या नळ्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या बसवून घेतल्या. दरवाजांखालच्या पट्ट्यांवर मात्र गंजाचे फोड आले आहेत, आणि तिथे पैसा ओतण्याची माझी इच्छा नाही. (सहा माणसांच्या या सोफ्यावरून उठायचीही इच्छा नाही, हा भाग वेगळा.)

मेकॅनिक दरवर्षी पहिल्या बर्फाआधी गाडी लिफ्टवर चढवतो आणि इंजिन ज्या चौकटीवर बसले आहे तिचे सांधे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहतो. या वर्षी टोक कुठेही आत गेले नाही, म्हणून मी चार नवीन टायर मागवले.