मग हरवायचं कुणाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टाफरूममध्ये विचारलंत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलंत, फराळाला आलेल्या आत्याबाईंनीही कपाटातली बोर्डगेमच्या डब्यांची चळत बघून तेच विचारलं. "सगळे एकाच बाजूने खेळणार, मग हरवायचं कुणाला? आणि कुणाला हरवायचंच नसेल तर त्यात मजा ती काय?"

"या वयात", "एवढे पैसे", "त्यापेक्षा मोबाइलवर खेळ की" हे बाकीचे प्रश्न आज बाजूला ठेवते. वर्षभरात पाच डबे घेतले, मी एकोणपन्नास वर्षांची आहे. याहून जास्त हिशेब मी कुणाला देणं लागत नाही. पण हरवायचं कुणाला, हा प्रश्न चांगला आहे. आणि मी आजवर त्याचं जे उत्तर देत आले ते अपुरं होतं.

मी म्हणायचे, "गड्डीला हरवायचं." पँडेमिकचंच घ्या, मॅट लीकॉकचा २००८ सालचा खेळ. पटावर जगातली ४८ शहरं, चार रंगांचे चार रोग. आपल्या टर्नला चार चाली करायच्या. त्या संपल्या की गड्डीतून शहरांची पानं उलटायची आणि त्या त्या शहरावर ठोकळा ठेवायचा. तीन ठोकळे असलेल्या शहरात चौथा यायची वेळ आली की उद्रेक, रोग शेजारच्या प्रत्येक शहरात. आठ उद्रेक झाले की सगळेच हरले. ठोकळे संपले तरी हरले, हातात घ्यायची पानं संपली तरी हरले. जिंकायची वाट एकच, चारही रोगांवर औषध शोधायचं. माझ्या वहीत या वर्षी असे एकाच बाजूने खेळलेल्या ६१ डावांची नोंद आहे. त्यातले २७ आम्ही हरलो. तेव्हा "लुटुपुटूचा खेळ" असं कुणी म्हणू नये. या प्रकारचा खेळ निवडणारी मी एकटी नाही. जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा या क्षेत्रातला सगळ्यात मानाचा पुरस्कार. २०२३ ला तो डॉर्फरोमांटिकला मिळाला, २०२४ ला स्काय टीमला, २०२५ ला बॉम्ब बस्टर्सला. तिन्ही एकत्र खेळायचेच खेळ.

इथपर्यंत मी दरवेळी सांगते. पुढचं सांगत नाही, ते आज सांगते.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे कोथरूडला आले, हे तुम्हाला माहीत आहे. आई-बाबा आणि काका-काकू यांचा मेंढीकोट चव्वेचाळीस वर्षं चालला. मेंढीकोटात भिडू समोर बसतो, म्हणजे बाबांच्या समोर चव्वेचाळीस वर्षं आई बसली होती. आमच्या घरी आता आम्ही चौघं आहोत, बाबा, मी, नवरा आणि मुलगा. मेंढीकोट सहज जमला असता. बाबांनी समोर दुसरा भिडू बसवून घेतला नाही. मी आग्रह केला नाही. पाच-तीन-दोनला एकदा बसले, त्यात भिडूच नसतो, पण दोन डावांत उठले. म्हणून मी असा खेळ शोधत होते ज्यात समोरची जागा कुणाचीच नाही. पँडेमिक त्यासाठी आणला. हौस होतीच, ती नाकारत नाही, पण आणला त्यासाठी.

तेव्हाच्या वहीत मी एक वाक्य लिहून ठेवलंय: "स्पर्धेचे खेळ माणसं तोडतात, हे खेळ जोडतात." कटान या स्पर्धेच्या खेळात नवऱ्याने मुलाच्या शेतावर चोर बसवला आणि दोघांत दोन दिवस अबोला होता, त्या रात्री लिहिलेलं. आज ते वाक्य माझ्याने वाचवत नाही.

मे महिन्यातला गुरुवार होता. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. नवऱ्याचा लॅपटॉप मेलेला, म्हणून तोही टेबलाशी आला. बाबांचे हात थरथरतात, त्यांची पानं उभी राहावीत म्हणून सुताराकडून खाच पाडून सागाची पट्टी करून घेतली आहे. ती पट्टी त्यांच्यासमोर, माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. त्यांच्यानंतर माझी टर्न.

सात उद्रेक झाले होते. तीन औषधं सापडलेली, काळ्या रोगाचं राहिलेलं. या डावात मी शास्त्रज्ञ होते, म्हणजे मला औषधासाठी एकाच रंगाची पाचऐवजी चार पानं पुरत. कराची, तेहरान, कैरो ही काळी पानं माझ्या हातात. दिल्लीचं पान बाबांच्या पट्टीत. मी दिल्लीत, संशोधन केंद्राच्या घरावरच. पान द्यायचं तर दोघांनी त्याच शहरात असावं लागतं. बाबा डॉक्टर होते, चेन्नईत. आणि मुंबईत तीन काळे ठोकळे. मुंबई फुटली की आठवा उद्रेक, खेळ संपला.

बाबांनी सोंगटी उचलली आणि मुंबईवर ठेवली.

मी म्हटलं, "नाही नाही बाबा, दिल्लीला या. पान द्या मला."

ते म्हणाले, "हो, पण आधी मुंबई..."

"मुंबईचं पान येईलच असं नाही ना. औषध महत्त्वाचं. या इकडे." आणि मी हात पुढे करून त्यांच्या बोटांतून सोंगटी काढून घेतली. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, लगेच सुटली. दिल्ली. दिल्लीतला एकुलता ठोकळा उचलला. पट्टीतून पान मीच ओढून घेतलं. चौथी चाल कराची, तीही मीच केली. मग गड्डीतली पानं उलटली. मुंबई आली नाही. मी मोठ्याने म्हटलं, "बघा, आली का मुंबई?" आणि माझ्या टर्नला औषध शोधून खेळ जिंकला.

मुलाने टाळी दिली. बाबांनी पट्टीत उरलेली दोन पानं काढली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, मेंढीकोटाचा डाव संपल्यावर करायचे तशा. म्हणाले, "छान खेळलीस."

खेळलीस. चौघं एकाच बाजूला, चौघं जिंकलेलो, आणि क्रियापद एकवचनी.

मी दिवसभर शाळेत गणित शिकवते. फळ्यावर पोराची पायरी चुकताना दिसली की माझ्या हातातला खडू आपोआप पुढे जातो. त्या दिवशी मी स्वतःला हेच सांगितलं, की चूक दिसली म्हणून बोलले, बोलले म्हणून जिंकलो. रात्री झोप येईना, तेव्हा पट पुन्हा मांडला. चेन्नईहून मुंबई, एक. डॉक्टर एका चालीत शहरातले एका रंगाचे सगळे ठोकळे उचलतो, दोन. मुंबईहून दिल्ली, तीन. पान द्या, चार. बाबांच्या चार चालींत दोन्ही होत होतं. मुंबईही वाचत होती आणि पानही माझ्या हातात येत होतं. माझ्या चार चालींत मुंबई नशिबावर सोडलेली होती. ते चुकत नव्हते, मी चुकत होते, आणि मी त्यांना "पण आधी मुंबई"च्या पुढचं वाक्य बोलू दिलं नव्हतं.

सकाळी चहा देताना म्हटलं, "बाबा, काल तुमची चाल बरोबर होती."

ते म्हणाले, "कोणती?"

विसरले होते की विसरल्याचं दाखवत होते, मला आजही कळलेलं नाही. पुढचे दीड महिने ते टेबलाशी आले नाहीत. "तुम्ही खेळा, मी ऐकतो" म्हणायचे आणि खिडकीपाशी बसायचे.

माझ्यासारख्या माणसाला या छंदातले लोक 'अल्फा प्लेयर' म्हणतात, आणि एकत्र खेळायच्या खेळांचा हा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला रोग आहे. माहिती उघडी असली, सगळ्यांचं ध्येय एक असलं, की ज्याला जरा जास्त दिसतं तो चौघांचा खेळ एकटा खेळतो. स्पर्धेत हे होऊ शकत नाही. मेंढीकोटात बाबा हरायचे तेव्हा स्वतः हरायचे. त्यांच्या हातातलं पान त्यांच्याशिवाय कुणी टाकत नव्हतं. वहीतलं ते वाक्य माझ्याने वाचवत नाही ते यासाठी. "आपण एकाच बाजूचे" म्हणत मी जे केलं ते कटानमधल्या चोराने केलं नसतं. तरीही स्पर्धेकडे परत जावं असंही मला वाटत नाही. बाबांना कुणाच्या तरी विरुद्ध बसवायचं, हे मला आजही जमत नाही.

मग खेळच असा शोधला ज्यात मला तोंड उघडता येणार नाही. हनाबी होता, आंत्वान बोझाचा, त्यात आपली पानं आपल्याला दिसतच नाहीत, उलटी धरायची असतात. पण बाबांची पट्टी उलटी धरून जमेना. मग द क्रू. थॉमस सिंग यांनी केलेला, २०१९ चा. पानं ४०. चार रंग, एक ते नऊ, आणि चार रॉकेटं, म्हणजे कायमचा हुकूम. ५० मोहिमा. प्रत्येक मोहिमेत ठरावीक पान ठरावीक भिडूने जिंकलेल्या हातातच पडलं पाहिजे. बोलायचं नाही. एका मोहिमेत प्रत्येकाला एकदाच एक पान उघडं ठेवून चकतीने सांगता येतं, की त्या रंगातलं हे माझं सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान, किंवा एकुलतं एक. मी नियम मोठ्या अक्षरात मराठीत लिहिले, अप्पा बळवंत चौकात लॅमिनेट करून आणले आणि कागद खिडकीपाशी ठेवून दिला. बोलावलं नाही.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "हे तर हात करायचेच आहेत. जन्मभर आम्ही 'खुणा करू नका' म्हणून भांडलो, आणि इथे खुणेला चकती दिली आहे." मग विचारलं, "चौघंही भिडू. समोर कोण?" तुमचाच प्रश्न. मी उत्तर दिलं नाही, पानं पिसली.

त्या पावसाळ्यातल्या एका मोहिमेत पिवळा चौका मी जिंकलेल्या हातात पडायला हवा होता, आणि तो माझ्याकडेच होता. चौक्यावर हात कसा होणार? मी चकतीने दाखवलं, पिवळ्यात हे माझं सगळ्यात मोठं. बाबांची उतारी. त्यांनी पिवळा नव्वा टाकला. माझ्या घशापर्यंत आलं होतं, "बाबा, पिवळं नको!" बोलायला बंदी होती. मी एक्का टाकला, तो इथे सगळ्यात लहान. पुन्हा त्यांची उतारी. पुन्हा पिवळं, अठ्ठा. नवऱ्याचा सत्ता पडला, मुलाचा छक्का, माझी दुर्री. तेव्हा मोजलं. नऊ पिवळ्यांपैकी आठ पडले होते. उरला फक्त माझा चौका. मग त्यांनी हलकं निळं पान उतरून हात माझ्याकडे येऊ दिला, मी चौका टाकला आणि कुणाकडे पिवळं नव्हतं. कुणी रॉकेट मारलं नाही. बाबांनी चारही पानं गोळा करून माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "झालं आपलं."

बोलायची मुभा असती तर मी पहिल्याच उतारीला त्यांना थांबवलं असतं. याबद्दल मला शंका नाही.

हे ऐकून मैत्रीण म्हणाली, "म्हणजे तू सुधारलीस." नाही. नवरा म्हणतो, तू गप्प असतेस पण तुझे डोळे बोलतात, नको ते पान कुणी उचललं की भुवया वर जातात. खरं आहे. स्पिरिट आयलंड हा खेळ आणला तो मुद्दाम गुंतागुंतीचा म्हणून. प्रत्येकाच्या शक्ती इतक्या वेगळ्या की दुसऱ्याच्या पानांत डोकं घालायला उसंत मिळू नये. तिथेही तिसऱ्या डावाला मी मैत्रिणीच्या पानांवर वाकलेली होते. गप्प बसायला लावणारा नियम माझा हात धरून ठेवतो एवढंच. नियम काढला की हात पुढे जातो.

पुढच्या वर्षाचं विचारता म्हणून: द क्रूच्या ३३ मोहिमा झाल्यात, उरलेल्या १७ पूर्ण करायच्या. स्काय टीम आणायचा. त्यात दोघंच, वैमानिक आणि सहवैमानिक, फासे टाकल्यावर अवाक्षर नाही. तो बाबा आणि मुलगा खेळतील, मी त्या खोलीत नसेन असं ठरवलं आहे. आणि पँडेमिक पुन्हा मांडायचा आहे. माझा प्रस्ताव: ज्याची टर्न त्याने विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. नवरा म्हणतो, मग ते एकत्र खेळणं कसलं, चौघं एकेकटे झालो. त्याचंही चूक नाही. दोन आठवडे हा वाद चालू आहे.

"हरवायचं स्वतःला" असं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण ते खरं नाही. मला जिंकायला आवडतं, त्या मे महिन्यातल्या डावातही औषध सापडलं त्या क्षणी मला आनंदच झाला होता, आणि तो मी वहीत लाल शाईने नोंदवला आहे. गड्डीलाच हरवायचं असतं. फक्त हरवणारे किती, ते मला अजून नीट मोजता येत नाही.

पँडेमिकचा डबा वरच्या कप्प्यातून काढून हॉलमध्ये ठेवलाय. परवा संध्याकाळी पोळ्या करताना पाहिलं, बाबांनी तो उघडून पट पसरला होता. सोंगट्या काढल्या नव्हत्या. चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळ वाकून ते एका रेषेवरून बोट नेत होते, थांबत होते, पुढे नेत होते. कुठून कुठे, ते स्वयंपाकघरातून दिसत नव्हतं. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले.