एल्त्स गढी १:२०० : चौकाचा तिढा सुटला

मंडळी, जर्मनीतल्या एल्त्स गढीचं मूळच्या दोनशेपट लहान मॉडेल करतोय, त्यातला चौक जमला! मागच्या वेळी फोटो टाकले तेव्हा खडक रंगवून तयार होता, प्लाट-एल्त्सचा जुना चौकोनी बुरूज उभा होता, आणि मधल्या चौकावर सगळं घोडं अडलं होतं. ते या आठवड्यात सुटलं.

तिढा काय होता ते नव्यांसाठी सांगतो. एल्त्सचा खडक लंबगोल आहे आणि सगळ्या इमारती त्याच्या कडेला चिकटून बांधल्यात, त्यामुळे काटकोन म्हणून कुठे सापडत नाही. बाहेरून गढीचे फोटो हवे तितके मिळतात. आतला चौक मात्र इतका अरुंद आणि भोवतालची घरं इतकी उंच की तिथला प्रत्येक फोटो रुंद लेन्सने काढलेला असतो आणि भिंती वाकलेल्या दिसतात. त्यावरून मापं काढून भिंती आतून बाहेर रचत गेलो की कधी एल्त्स घराण्यातल्या रूबेनाख शाखेच्या घराची मागची भिंत खडकाबाहेर लोंबायची, कधी केम्पेनिश शाखेच्या घराचं छप्पर शेजारच्या छपरात घुसायचं. एक बाजू बसवली की दुसरी उसवायची.

शेवटी कटर खाली ठेवला आणि घराण्याच्या इतिहासाची टिपणं पुन्हा काढली. ११५७ मध्ये सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या एका दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्त्स साक्षीदार आहे. १२६८ मध्ये एलियास, विल्हेल्म आणि थिओडेरिश या तिघा भावांत वाटणी झाली आणि तीन शाखा निघाल्या : केम्पेनिश, रूबेनाख, रोडेनडोर्फ. तट, दरवाजा सामाईक राहिले. राहती घरं मात्र ज्याची त्याने आपापल्या पैशाने आणि आपापल्या काळात बांधली. रूबेनाखांचं घर १४७२ मध्ये पुरं झालं, रोडेनडोर्फांचं साधारण १४९० ते १५४० च्या दरम्यान, आणि केम्पेनिशांचं तर थेट सतराव्या शतकात. म्हणजे हा चौक कुणी आखलेलाच नाही! भाऊबंदांनी आपापलं घर कडेला बांधलं आणि मध्ये जी जागा उरली तो चौक.

मग मीही तसंच केलं. प्रत्येक घर सुटं, चारही भिंतींचं, स्वतःच्या तळपट्टीवर. पाठ खडकाच्या कडेला लावायची, उंची बाहेरच्या फोटोंवरून घ्यायची. बुरूज तीस ते चाळीस मीटरचे, म्हणजे आपल्या मापात १५ ते २० सेंटिमीटर. आणि बांधायचा क्रम इतिहासाचाच : आधी रूबेनाख, मग रोडेनडोर्फ, शेवटी केम्पेनिश. तिसरं घर उरलेल्या जागेत सरकवलं तेव्हा चौकाचा आकार फोटोत दिसतो तसाच वाकडा आला. इतका आनंद खडक पुरा झाला तेव्हाही झाला नव्हता.

रूबेनाखांच्या दारावर बाहेर आलेली खिडकी दोन बसाल्ट खांबांवर टेकलेली आहे. ते खांब उदबत्तीच्या काड्यांचे केले. मसाला खरवडायचा, बारीक सँडपेपर फिरवायचा, काळ्यात थोडा पांढरा मिसळून एकच पातळ हात द्यायचा. दुसरा हात दिला की दगडाचा पोत जातो.

सामानाबद्दल : पावसाळ्यात माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) वापरायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी कागद चिकटवा, नाहीतर रातोरात धनुकली होते. माझं मत विचाराल तर भिंतींना तीन मिमीचा सनबोर्डच (प्लास्टिकच्या फेसाची हलकी शीट) घ्यावा, आणि तो दुकानात जाऊन मोजून घ्यावा. ऑनलाइन मागवलेल्या शीट जाडीला सारख्या निघाल्या नाहीत आणि कोपऱ्यात फटी पडल्या.

आता हे लिहितानाच एक सुचलं. घरं सुटी आहेत, म्हणजे उचलताही येतील! मग गढी फक्त आजच्या रूपात कशाला दाखवायची? नंतरची घरं काढून साधे राखाडी ठोकळे ठेवले की १३३१ चा देखावा उभा राहील. त्या वर्षी ट्रीअर शहराचा आर्चबिशप, म्हणजे तिथला मुख्य ख्रिस्ती धर्मगुरू आणि सत्ताधीश, बाल्डुइन याच्याशी एल्त्सचं भांडण पेटलं. वाल्डेक, शोनेक आणि एरेनबुर्गचे सरदार एल्त्सच्या बाजूने होते. बाल्डुइन म्हणजे सम्राट सातव्या हाइनरिशचा भाऊ, मोठा मुत्सद्दी. त्याने वरच्या उतारावर ट्रुट्स-एल्त्स नावाची वेढ्याची गढी बांधली आणि तिथून दगडी गोळ्यांचा मारा केला. १३३६ मध्ये एल्त्सकरांनी हात टेकले आणि त्यांना आर्चबिशपचं मांडलिक व्हावं लागलं. पुढे १५६७ मध्ये त्याच ट्रीअरच्या गादीवर याकोब फॉन एल्त्स बसला. हे मला या घराण्याच्या इतिहासातलं सगळ्यात विलक्षण वळण वाटतं, आणि मॉडेलमध्ये ते कुठेतरी यायलाच हवं.

तेव्हा छपरांआधी ट्रुट्स-एल्त्स घेतो. तिचा उतार वेगळ्या तळावर करीन, मुख्य तळाला आता हात लावायचा नाही. तिन्ही घरांच्या ढाली (शाखांची चिन्हं) मात्र लगेच रंगवायला घेतोय : केम्पेनिशांचा सोनेरी सिंह, रूबेनाखांचा चंदेरी सिंह, रोडेनडोर्फांची रेड्याची शिंगं. सिंह या मापात तांदळाएवढा येतो, म्हणून आधी काळ्या कागदावर सराव चालू आहे.

छपरांच्या पाटीच्या दगडासाठी पातळ कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या एकावर एक लावायचा विचार आहे. टोकदार बुरजांच्या छपरावर पट्टी वळवताना सुरकुती येते. कुणी केलं असेल तर पट्टी ओली करून वळवली की कोरडी, ते सांगा.