फोर्ज्ड की कास्ट? तुम्ही विचारलंत म्हणून

"जुनी ३५० शेवी बांधायला काढलीय, पिस्टन फोर्ज्ड घेऊ की कास्ट?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आता एकदाच सविस्तर लिहितो. (३५० म्हणजे शेव्हरोलेचं ३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन; फोर्ज्ड म्हणजे दाबाखाली घडवलेला पिस्टन, कास्ट म्हणजे साच्यात ओतलेला.) उत्तराआधी माझाच एक प्रश्न आहे. तुम्ही पाहताय त्या पिस्टनची कम्प्रेशन हाइट किती? म्हणजे गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर. धातू कोणता, सिलिकॉन किती, कोटिंग कसलं हे सगळं पाठ असतं, आणि हा आकडा विचारला की समोरून शांतता. माझी चिडचिड होते ती इथे.

कागद घ्या. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच, त्याचा अर्धा १.७४०. रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) ५.७००. मूळ पिस्टनची कम्प्रेशन हाइट १.५६०. बेरीज ९.००० इंच. ब्लॉकची डेक, म्हणजे हेड बसतं तो सपाट पृष्ठभाग, क्रँकच्या मध्यापासून ९.०२५ वर. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या इंजिनात पिस्टन टॉपला आला तरी डेकच्या २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खालीच थांबायचा. वर १५ थाऊची पातळ पत्र्याची गॅस्केट. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांत एकूण ४० थाऊ. हा क्वेंच. या चिंचोळ्या फटीतून मिश्रण जोरात प्लगकडे ढकललं जातं, जळणं लवकर आटोपतं आणि कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ मिळत नाही.

आता रीबिल्डसाठी विकले जाणारे स्वस्त पिस्टन बघा. त्यांतल्या बऱ्याच जणांची हाइट १.५४० असते, मुद्दाम २० थाऊ कमी. हेतू वाईट नाही. डेक घासून सपाट केलेल्या ब्लॉकमध्ये पिस्टन वर येऊन बसू नये म्हणून ही सोय. पण ब्लॉक घासलाच नसेल तर?

मग काय होतं ते एका इंजिनावर दिसलं. १९७० ची नोव्हा एसएस, इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं एल४८ (३५० चाच एक प्रकार), कारखान्याचं कम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५. हेड ६४ सीसी पोकळीची. ब्लॉक ३० थाऊ बोअर केला. डेक घासायला मालकाने साफ नकार दिला (का, ते पुढे येईल). हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचे कास्ट), सपाट माथ्याचे, व्हॉल्व्हसाठी चार खाचांचे पिस्टन आले, हाइट १.५४०. त्या खोक्याला होकार माझाच होता. हिशोबही केला होता: पिस्टन डेकच्या ४५ थाऊ खाली, वर ४१ थाऊची कॉम्पोझिट गॅस्केट, खाचांचे ६ सीसी, हेडचे ६४. कम्प्रेशन ९.२ आलं. लोखंडी हेड, पंपावरचं पेट्रोल, ९.२. उत्तम, असंच वाटलं. कमी कम्प्रेशन म्हणजे सुरक्षित इंजिन ही त्या वेळची पक्की समजूत होती, आणि तसा सल्ला दुसऱ्यांनाही दिला होता.

चढावर अर्ध्या थ्रॉटलला नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटल्याचा ठोक्यांचा आवाज, सुरू झालं. टोटल टायमिंग (पिस्टन टॉपला येण्याआधी जास्तीत जास्त किती अंश ठिणगी पडते ते) ३६ अंश होतं, ते ३२ वर आणलं, मग २९ वर. आवाज कमी झाला, पण इंजिनाचा जोर गेला आणि ते गरम व्हायला लागलं. ९३ ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, कार्ब्युरेटरचे जेट मोठे केले, थंड प्लग लावले. प्लग काढून पाहिले तर चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके. ते ॲल्युमिनियम असतं, पिस्टनचं. तरीही कार्ब्युरेटरशीच खेळ चालू राहिला, आणि ती चूक त्या पिस्टनच्या खोक्यापेक्षा मोठी होती. ठिपके दिसले त्याच दिवशी हेड उतरवायला हवं होतं. उतरवलं तोवर एका पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधला लँड (खाचांमधला धातूचा पट्टा) तडकला होता आणि रॉड बेअरिंगच्या वरच्या पाळ्यांवर ठोक्यांचे डाग होते. क्वेंचच्या बाजूला पिस्टनच्या माथ्यावर जाड काळा कार्बन. ४० थाऊचा क्वेंच असता तर तो भाग जवळजवळ स्वच्छ राहिला असता. ४५ अधिक ४१, फट ८६ थाऊ. हे दोन आकडे आधीपासून कागदावर होते. त्यांच्यापासून फक्त कम्प्रेशन काढलं गेलं, क्वेंचसाठी त्यांची बेरीज कुणी केली नाही.

दुसऱ्या वेळी १.५६० हाइटचे पिस्टन घेतले. पण पुन्हा सपाट माथा घेतला असता तर १५ थाऊच्या गॅस्केटबरोबर कम्प्रेशन १०.३ च्या आसपास गेलं असतं, पंपाच्या पेट्रोलला जास्तच. म्हणून डी आकाराच्या १२ सीसी खळग्याचे घेतले. खळगा फक्त हेडच्या पोकळीखाली, क्वेंचची बाजू सपाट. गोल खळग्याचे घेतले असते तर क्वेंचचा भागच पोकळ झाला असता. नवा हिशोब: फट ४० थाऊ, कम्प्रेशन ९.६. आधीपेक्षा कम्प्रेशन वाढलं, आणि त्याच पेट्रोलवर, ३६ अंशांवर, नॉकिंग गेलं.

इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, फोर्ज्ड असता तर तो लँड तडकला नसता. खरं आहे, बहुतेक तडकला नसता. पण नॉकिंग तसंच राहिलं असतं, बेअरिंग तसेच मार खात राहिले असते, आणि चूक अजून दोन वर्षं झाकली गेली असती.

म्हणून धातूचं उत्तर आता. साडेपाच हजार आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या, नायट्रस किंवा बूस्ट (टर्बो, सुपरचार्जर) नसलेल्या, रस्त्यावरच्या ३५० ला हायपरयुटेक्टिक पुरतो. कारखान्यानेही एल४८ ला साधे कास्टच दिले होते. फोर्ज्ड दिले १९७० च्या एलटी-१ ला, ११ कम्प्रेशन आणि सॉलिड लिफ्टरच्या इंजिनाला. फोर्ज्ड हवाच असेल तर मिश्रधातू विचारा. ४०३२ मध्ये सिलिकॉन भरपूर, तो कमी फुगतो, बोअरमध्ये साधारण तीन थाऊ फटीवर चालतो. २६१८ जास्त चिवट, पण फुगतो जास्त, चार-पाच थाऊ लागतात, आणि थंडीत सकाळी इंजिन खडखडतं. तो खडखडाट ऐकून घाबरून परत फोन करू नका.

हायपरयुटेक्टिकची एक अट मात्र जीवघेणी आहे. काहींमध्ये वरची रिंग माथ्याच्या फार जवळ असते, ती जास्त तापते, म्हणून रिंगेच्या टोकांमधली फट बोअरच्या दर इंचाला साडेसहा थाऊ ठेवायला सांगतात. ४.०३० बोअरला २६ थाऊ. सवयीने चारच्या हिशोबाने १६ ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि माथ्याचा तुकडा ओढून काढते. पिस्टनबरोबरचा कागद फेकू नका. रिंगा फाइल-फिट, म्हणजे टोकं कानशीने घासून फट जमवायच्या, अशा घ्या.

बाकीचं झटपट. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करायला देऊ नका. मशीन शॉपवाला प्रत्येक पिस्टन सांगितलेल्या जागी मोजेल आणि त्याच्या मापाने होनिंग करेल. ३५० ची पिन ०.९२७ ची, रॉडमध्ये प्रेस बसते. फ्लोटिंग (रॉडमध्ये मोकळ्या फिरणाऱ्या) पिनचे पिस्टन घेतले तर रॉडला बुश लागतील. पिन मध्यापासून किंचित बाजूला असते, तेव्हा खूण पुढे ठेवा. वजन मूळ पिस्टनपेक्षा वेगळं असेल तर क्रँकचं बॅलन्सिंग टाळू नका.

आणि डेक? ३५० ज्यातलं आहे त्या स्मॉल ब्लॉक इंजिनांचा कोड आणि गाडीच्या चासी नंबराचे शेवटचे आकडे उजव्या हेडच्या पुढे, डेकच्याच पातळीवरच्या पट्टीवर ठोकलेले असतात. डेक घासली की ते गेले, त्याबरोबर कारखान्याच्या कटरच्या रेघा गेल्या आणि "मॅचिंग नंबर" (गाडीचं मूळचंच इंजिन) म्हणून मिळणारी किंमतही गेली. काही मशीन शॉप पट्टीच्या आधीच कटर थांबवतात. पूर्वी मी म्हणायचो, इंजिन नीट चालावं, नंबर गेला खड्ड्यात. आता तसं सहज तोंडातून निघत नाही. न घासता वाकडी डेक ठेवली तर चारही कोपऱ्यांत क्वेंच वेगळा येतो, आणि पातळ पत्र्याच्या गॅस्केटला पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत लागतो, तो जुन्या ब्लॉकवर असेलच असं नाही. दोन्ही बाजूंनी काहीतरी जातंच. नोव्हाच्या मालकाने नंबर निवडला. तिची डेक सरळ निघाली म्हणून निभावलं.

तेव्हा पिस्टन मागवण्याआधी जुना पिस्टन आणि रॉड स्वच्छ करून पहिल्या सिलिंडरमध्ये रिंगांशिवाय बसवा, टॉपला आणा आणि डायल गेज पिनच्या रेषेवर लावा. तिथे पिस्टन डुलला तरी माप फसत नाही. मग दोन, सात आणि आठ नंबरला तेच. चार आकडे लिहा, खाली हेडचे मोजलेले सीसी आणि गॅस्केटची दाबलेली जाडी. तो कागद पाठवा, मग फोर्ज्ड-कास्टचं बोलू.