खाडाखोड केलेला चेक परत आला तेव्हा

घर सोडताना अनामत रकमेचा 60,000 रुपयांचा चेक मिळाला. अक्षरी रकमेत आधी ‘सोळा हजार’ लिहिलं गेलं होतं. मालकांनी ‘सोळा’ खोडून वर ‘साठ’ लिहिलं आणि शेजारी पूर्ण सही केली. पूर्वी एवढ्यावर काम भागायचं. हा चेक मात्र न वटता परत आला. सोबतच्या रिटर्न मेमोवर कारण होतं, चेकवर बदल.

चेक परत आला की आधी मेमो वाचावा, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं. ‘पुरेशी शिल्लक नाही’ असं कारण असतं तर मेमो हाती आल्यापासून 30 दिवसांत मालकांना लेखी नोटीस द्यावी लागली असती आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्यांना 15 दिवस मिळाले असते. इथे प्रश्न फक्त कागदाचा होता, त्यामुळे नवीन चेक घेणं हाच उपाय.

खाडाखोड का चालत नाही? हल्ली मूळ चेक पैसे देणाऱ्या बँकेकडे जातच नाही. तो आपण जिथे भरतो तिथेच राहतो, पुढे जाते ती त्याची स्कॅन केलेली प्रतिमा. खोडलेल्या जागी मूळचं काय होतं, ते प्रतिमेवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तारीख सोडून कशातही दुरुस्ती चालत नाही, शेजारी सही असली तरी. याच कारणाने फिकी शाई वापरू नये आणि रकमेवर किंवा सहीवर शिक्का येऊ देऊ नये.

नवीन चेक समोर बसूनच लिहून घेतला. गडद निळी शाई, नावाच्या ओळीत उरलेल्या जागेवर आडवी रेघ, ‘रुपये साठ हजार फक्त’ (मराठीत लिहिलेलं चालतं), डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि ‘धारकाला’ हा शब्द खोडलेला. हे एक खोडणं चालतं, त्याने चेक उलट सुरक्षित होतो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर काहीही लिहायचं नाही. तिथे सहा आकडी चेक क्रमांक आणि नऊ आकडी कोड असतो, त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे.

रक्कम 50,000 च्या वर असल्याने मालकांनी त्यांच्या बँकेच्या ॲपमध्ये पॉझिटिव्ह पे (चेकचा तपशील पडताळणीसाठी बँकेला आधी कळवण्याची सोय) या पर्यायाखाली चेक क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम आधीच नोंदवली. चेक भरण्यापूर्वी हे झालेलं बरं.

सकाळी अकराला शाखेत भरून स्लिपच्या स्थळप्रतीवर शिक्का घेतला. 4 ऑक्टोबर 2025 पासून ठरलेल्या वेळेत चेक स्कॅन होतील तसे पुढे जातात आणि संध्याकाळी 7 पर्यंत समोरच्या बँकेने होकार-नकार कळवायचा असतो. त्याच संध्याकाळी रक्कम जमा झाली. परत आलेला जुना चेक मालकांना देऊन टाकला.