उसवलेला गळा

डिसेंबरातला मंगळवार, घड्याळात संध्याकाळचे पाच आणि खिडकीबाहेर मध्यरात्रीसारखा अंधार. अशा वेळी मी नवऱ्याला स्वेटर घालून बघायला सांगितला. डोकं कसंबसं बाहेर आलं, पण खांद्यांवर सगळी नक्षी नाडी ओढलेल्या बटव्यासारखी गोळा झाली. हात अर्धे वर, मान आत. "छान झालाय," तो म्हणाला. तेरा वर्षांच्या संसारात इतकं उघड खोटं तो पहिल्यांदाच बोलला असेल.

आइसलँडच्या राजधानीतला, रेक्याविकमधला हा आमचा तिसरा हिवाळा. डिसेंबरच्या शेवटाला इथे सव्वाअकराच्या पुढे उजाडतं आणि साडेतीनला मावळतं. लोकांना वाटतं आम्ही थंडीनं गारठून जात असू. तसं काही नाही. जमिनीतल्या गरम पाण्यावर घरं तापतात, घरात आम्ही सुती कपड्यांत वावरतो. खरा त्रास वाऱ्याचा आणि अंधाराचा. साताऱ्याहून आणलेली छत्री पहिल्याच आठवड्यात उलटी होऊन गेली, तेव्हापासून घेतलीच नाही. अंधारावर मात्र कुणीतरी विणकाम सुचवलं.

इथल्या स्वेटरला लोपापेयसा म्हणतात. गळ्याभोवती गोल नक्षी असते, तोच. दिसायला हजार वर्षांचा वाटला तरी या रूपात तो विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजला. मेंढी मात्र खरोखरच जुनी, नवव्या शतकाच्या शेवटी वस्ती करायला आलेल्या लोकांनी जहाजातून आणलेली. तिच्या अंगावर दोन थर असतात. वरचा लांब, राठ, पाणी झटकणारा, तो 'तोग'. आतला आखूड आणि मऊ, तो 'थेल'. दोन्ही एकत्र करून जी लोकर होते ती लोपी. ती टोचते, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला आजोळच्या घोंगडीचीच आठवण आली. भिजल्यावर वासही तोच, फक्त इथल्या नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास असतो, तो वर आणखी.

मी लहानपणी आईकडून दोन सुयांवर विणायला शिकले होते. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या आणि शेवटी शिवणकाम. इथे तसं नाही. गोल सुईवर खालून सुरुवात करून अंग नळीसारखं वर विणत जायचं, दोन बाह्यांच्या दोन नळ्या वेगळ्या करायच्या आणि बगलेशी तिन्ही एका सुईवर घ्यायचे. नवऱ्याच्या मापाला अंगाचे १८८ टाके होते, बाह्या मिळाल्यावर २७२ झाले. तिथून नक्षी विणता विणता टाके कमी करत गळ्यापाशी ऐंशीच्या आसपास यायचं. गोल विणायचं असल्यामुळे काठाच्या पट्ट्या सोडल्या तर सगळे टाके सुलट. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "उलट टाकेच नाहीत? मग ते विणकाम कसलं गं?"

पण तिचा खरा आक्षेप वेगळाच होता. मी अर्धवट काम दाखवते, हे तिला पटत नव्हतं. आमच्या घरी विणकाम पिशवीतून बाहेर यायचं ते पूर्ण होऊनच. बाळंतविड्याची टोपडी आणि मोजे तर कुणाला दिसूही द्यायचे नाहीत, दृष्ट लागते. मी दर रविवारी वीतभर वाढलेल्या नळीचा फोटो पाठवायचे आणि आई दोन निळ्या खुणांखेरीज काही उत्तर द्यायची नाही.

इथे मात्र सगळा मामला अर्धवटाचाच. 'प्र्योनाकाफी' म्हणजे विणकाम आणि कॉफी. आमच्याजवळच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी दहाबारा जणी जमतात, कधी एखादा पुरुषही असतो. शाळेत मुलगे-मुली दोघांनाही विणकाम शिकवतात, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नाही. सोबत क्लेईनुर असतं, पीठ पिळून तळलेलं. पहिला घास घेतला आणि मी थांबले. त्यात वेलदोडा होता! शंकरपाळ्याची एखादी चुलत बहीण शोभेल.

तिथे बसल्यावर आधी आपापली मांडी दाखवायची पद्धत आहे. म्हणजे मांडीवर काय चाललंय ते. एकीची बाही गेल्या मंगळवारइतकीच, कारण नातवाला कांजिण्या. एकीचा रंग चुकला म्हणून तिने दुसरा घेतला, आता तोही चुकलाय. कुणालाही त्याचं वाईट वाटत नाही.

माझी तिथली भाषाही याच टेबलावर सुधारली. सुलट टाक्याला 'स्ल्येट' म्हणतात, तो लक्षात ठेवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. इथे एक ते चार हे आकडे लिंगाप्रमाणे बदलतात आणि टाका स्त्रीलिंगी असतो. शिकवणीच्या वर्गात माझ्या शेजारचा मुलगा याला वैतागून रडकुंडीला यायचा. मला काय त्याचं? आपण तो चमचा, ती वाटी, ते ताट म्हणत जेवायला बसणारी माणसं.

एक गोष्ट मात्र अजून जमत नाही. इथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, अगदी राष्ट्राध्यक्षांनासुद्धा. आदरार्थी रूप होतं, पण ते वापरातून गेलंय. आमच्या टेबलावरच्या सर्वांत वयस्कर बाईंना ऐंशी तरी असतील. त्यांना नुसतं नावानं बोलवायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते. मनात त्या 'आजी'च आहेत.

तर त्या बटव्याकडे परत येते. त्याच मंगळवारी सातला स्वेटर पिशवीत कोंबून मी वाचनालयात गेले, दाखवायचा नाही असं ठरवून. आजींनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुढे केला. त्यांनी स्वेटर उलटा करून आतली बाजू वर घेतली. पुढून कुणी पाहिलंच नाही. नक्षी दोन रंगांची असते, ज्या रंगाचा टाका नाही तो धागा मागून सैल सोडून न्यायचा असतो. मी तो नीट दिसावा म्हणून प्रत्येक वेळी ओढून घेतला होता. मागे तारा ताणल्यासारखे धागे. आजींनी त्यातल्या एकावर बोट टिचकावलं, तंबोऱ्याची तार छेडावी तसं, आणि म्हणाल्या, "रेक्या उप्प."

उसव.

बारा संध्याकाळी विणलेला गळा पंचवीस मिनिटांत उतरला. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला आजी, आणि समोरची बाई दोन रंगांचे दोन गुंडे करत होती. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी होऊन निघत होती. मध्येच एक धागा तुटला. मी गाठ मारायला गेले, तर आजींनी अडवलं. दोन्ही टोकं पिंजली, एकावर एक ठेवली, तळहात किंचित ओला केला आणि दोन्ही तळव्यांत धरून भराभरा वळलं. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडेना. लोपीचे धागे ओलावा आणि चोळणं मिळालं की एकमेकांना धरतात. मला मात्र माझी आजी दिसली, दुपारी ओसरीत बसून कापसाच्या वाती वळणारी. मी तशीच वळायला लागले तेव्हा टेबलावरच्या बायकांनी विचारलं, हे कुठे शिकलीस?

त्या रात्री मी आईला उसवलेल्या गळ्याचा फोटो पाठवला. वर उघडे २७२ टाके, बाजूला दोन गुंडे. पहिल्यांदाच उत्तर आलं. "धागा बोटावर सैल सोड. डाव्या हाताची करंगळी काढून बघ." म्हणजे आतापर्यंतचे सगळे फोटो ती मोठे करून बघत होती तर.

नाताळापर्यंत स्वेटर होणार नव्हता हे उघड होतं. इथे ही गोष्ट जरा गंभीर आहे. नाताळात ज्याला नवा कपडा मिळत नाही त्याला 'योलाकोत्तुरिन', म्हणजे नाताळचं मांजर, खाऊन टाकतं अशी समजूत. लोकरीचं काम वेळेत उरकावं म्हणून पोरांना आणि गड्यांना घातलेली ही भीती. शहराच्या मध्यात दिव्यांचं अजस्र मांजर उभं करतात, मुलं त्याच्या पायाशी उभी राहून फोटो काढतात. नवऱ्याला मी मोजे देऊन वाचवलं. बाजारचे.

मध्ये एक शंकाही डोक्यात आली. 'आइसलँडिक लोपापेयसा' या नावाला २०२० साली संरक्षण मिळालं, आपल्या पैठणीला आहे तसंच. लोकर इथल्या मेंढीची हवी, गळ्याची नक्षी गोल हवी आणि स्वेटर याच देशात हातानं विणलेला हवा. दुसरीकडे विणून आणलेले स्वेटर पर्यटकांच्या गळ्यात मारायचे, त्याला आळा म्हणून हे. मी विचारलं, मी साताऱ्याची, मग माझा चालेल का? टेबलावर हशा पिकला. विणणारी कुठली, हे कुणी विचारत नाही. पण उरलेला गळा मी सुट्टीत आईकडे बसून विणला असता तर मात्र नाव गेलं असतं.

दुसऱ्यांदा गळा विणताना मी आईची करंगळीची युक्ती वापरली. स्वेटरचा मुख्य रंग काळा आहे, रंगवलेला नव्हे, काळ्या मेंढीचाच. तपकिरीकडे झुकणारा. तो निवडताना मनात काही नव्हतं, पण जानेवारी लागला आणि आईनंच आठवण करून दिली, "काळा आहे ना? मग संक्रांतीला घालू दे." चौदा तारखेला नवऱ्यानं तो घातला. खांदे बसले, हात खाली आले. डावी बाही अर्ध्या बोटानं लांब आहे, ती तो दुमडतो.

मंगळवारी तिळगूळ घेऊन गेले. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो, असं आमच्याकडे म्हणतात, हे मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. आजी म्हणाल्या, आमच्याकडे दिवस कोंबडीच्या एकेका पावलाएवढा वाढतो. मग तीळ मोठा की कोंबडीचं पाऊल यावर बराच वेळ वाद झाला आणि डब्यातले लाडू संपले.

घरी आले तर आईचा फोटो आलेला. आमच्या मामेबहिणीला मार्चमध्ये दिवस भरतायत, तिच्यासाठीचं पिवळं टोपडं. अर्धं झालेलं, सुया तशाच खोचलेल्या, मागे आमच्या घरातला सोफा. खाली लिहिलं होतं, "कानाजवळ कुठेतरी एक टाका सुटलाय. चष्मा लावूनही दिसत नाही. मोठा करून बघ आणि सांग."