न वितळवता सांधा: डिचोली ते कुंडई

2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि डिचोलीतल्या आमच्या वर्कशॉपचं कामच गेलं. बाबांनी जन्मभर खाणीवरच्या मशिनरीचे बुश, पिना, शाफ्ट केले होते. लेथ होते, तयार हाताची माणसं होती, गिऱ्हाईक नव्हतं. काही वर्षं मिळेल ते काम केलं. मग कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतली, कर्ज काढून जुनी व्हॅक्यूम भट्टी आणली आणि डिफ्यूजन बाँडिंगला, म्हणजे धातू न वितळवता एकजीव करण्याच्या कामाला, हात घातला.

काम असं: जिथे फार उष्णता लागते तेवढाच भाग इन्कोनेल 718 या उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूचा, बाकीचा 316एल स्टेनलेस स्टीलचा. 718 महाग, म्हणून सगळा भाग त्याचा करणं परवडत नाही. दोन्ही तुकडे आरशासारखे घासायचे, एकमेकांवर दाबायचे आणि निर्वातात 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास तास-दोन तास ठेवायचे. काहीच वितळत नाही. अणू इकडचे तिकडे जातात आणि मधली रेघ बुजते. दाबासाठी हॉट प्रेस घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून मॉलिब्डेनमचा शिकंजा केला. तापल्यावर मॉलिब्डेनम स्टीलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकंच फुगतं, त्यामुळे भट्टी चढेल तसा शिकंजा आपोआप आवळत जातो. ही युक्ती मला आजही फार आवडते.

पहिल्या उन्हाळ्यात सांधे चांगले आले. जून उजाडला आणि सगळं बिघडलं. छिन्नीचा एक घाव बसला की तुकडा पापुद्र्यासारखा सुटायचा. भट्टीवरचा मुलगा म्हणाला, "भाई, रंग बघा." चकचकीत निघायला हवा तो तुकडा गवती पिवळा झाला होता. कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सांध्यावर ऑक्साइडच्या काळ्या ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग लागलेली. आठवडाभर आम्ही गळती शोधत बसलो. गळती नव्हतीच. दार उघडलं की पावसाळी हवेतली वाफ भट्टीच्या थंड भिंतींवर बसायची आणि तापताना सुटून धातूला लागायची. 718 मधलं ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम एकदा ऑक्सिजनला भेटलं की निर्वात त्यांना सोडवू शकत नाही.

आता दार उघडायच्या आधी भट्टीच्या जॅकेटमधून, म्हणजे दुहेरी भिंतीतल्या पोकळीतून, कोमट पाणी फिरवतो, आत कोरडा नायट्रोजन सोडतो आणि पुढे तापवताना वाफ निघून जाईपर्यंत 400 अंशांवर थांबतो. त्याहून मोठा फरक पडला तो 718 वर आधी निकेलचा पातळ मुलामा देऊन. निकेलचं ऑक्साइड निर्वातात सहज सुटतं आणि खालचं ॲल्युमिनियम-टायटॅनियम झाकलेलं राहतं. त्या वर्षी चवथीच्या सुट्टीनंतर काढलेला पहिला तुकडा सांध्यावर फाटलाच नाही, स्टेनलेसमध्ये फाटला. बाबांनी तो फाटलेला तुकडा घरी नेला.

सध्या मोठ्या व्यासाचं काम अंगावर घेतलंय. निवताना स्टेनलेस 718 पेक्षा जास्त आकसतं आणि व्यास वाढला की कडेला ताण साचतो, म्हणून भट्टी फार सावकाश उतरवावी लागते. 850 ते 450 अंशांमध्ये असं रेंगाळलं तर साध्या 316 ला क्रोमियम कार्बाइडचा धोका असतो: क्रोमियम कार्बनमध्ये अडकतं आणि स्टेनलेस गंजू लागतं. कमी कार्बनच्या 316एल चे जादा पैसे आम्ही त्यासाठीच मोजतो. पहिला मोठा तुकडा काल रात्री आत गेलाय. दार उद्या सकाळी उघडेल.